जुन्या गाडीतला नवा पडदा : नाना पेठ ते माणगाव

पुण्याच्या नाना पेठेत आपण कधी मोटारीच्या सुट्या भागांसाठी गेला असाल, तर तिथली रीत आपल्या परिचयाची असेल. क्वार्टर गेटच्या बाजूने आत शिरले की दोन्ही अंगांना दुकानेच दुकाने. एकात केवळ आरसे, दुसऱ्यात आसनांची आवरणे, तिसऱ्यात छतापर्यंत रचलेले दिवे आणि भोंगे. नाना फडणविसांचे नाव धारण करणारी ही पेठ आज वाहनांच्या सुट्या भागांची पेठ म्हणूनच ओळखली जाते. खरेदी दुकानात होते, पण काम होते ते दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला. गाडीचे दार सताड उघडे टाकून एखादा तरुण कारागीर पुढच्या आसनावर आडवा होतो, डॅशबोर्डच्या पोटात कोपरापर्यंत हात घालतो आणि बारा वर्षे तिथे बसलेला टेप वायरींच्या गुंत्यासह अलगद बाहेर ओढतो.

कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात गाडीच्या टेपचे काय प्रयोजन, अशी शंका आपल्या मनात येईल. तिचे उत्तर आपल्याच घरात सापडण्याचा संभव आहे. घरातले वडीलधारे माणूस आता बसने जाऊ शकत नाही. रिक्षाचे धक्के त्याच्या पाठीला सोसत नाहीत. दवाखाना, रक्ततपासणी, कार्य, गाव, हे सारे दाराशी उभ्या असलेल्या जुन्या गाडीवर येऊन ठेपते. आणि ती चालवणारा मुलगा किंवा सून स्वतःच साठी ओलांडून गेलेली असते. आमच्या घरी अशीच स्थिती आहे. माझी मान पुरती मागे वळत नाही. यजमानांनी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर गाडी चालवणे सोडले. सासूबाईंचे वय शहाऐंशी. गेल्या दोन वर्षांत त्यांची स्मृती विरळ होत चालली आहे. आजचे जेवण झाले की नाही हे आठवत नाही, पण माणगावच्या पुढे असलेले माहेरचे घर, तिथले आडाचे पाणी आणि ओसरीवरचा झोपाळा अजून स्वच्छ दिसतो. “एकदा नेऊन आण गं,” हे त्या दिवसातून चार वेळा म्हणत. नेण्यासाठी गाडी धड हवी होती, म्हणून आम्ही नाना पेठेत गेलो.

आता त्या उघड्या डॅशबोर्डपाशी जरा थांबू या, कारण पुढच्या प्रवासातले पुष्कळसे सुखदुःख तिथेच ठरते. जुन्या गाड्यांत टेपची खाच दोन मापांची असते. एक साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. दुसरी तितकीच रुंद, पण दुप्पट उंचीची. हिला बाजारात ‘डबल डिन’ म्हणतात. सात इंची टचस्क्रीन त्या दुप्पट खाचेत नीट बसते. नऊ-दहा इंचांचे पडदे मात्र खाचेबाहेर पसरतात, आणि त्यांना गाडीच्या नमुन्याप्रमाणे निराळी फ्रेम लागते. मोठा पडदा म्हणजे मोठी अक्षरे, हे खरे. परंतु तो वातानुकूलनाच्या झडपा झाकतो का, चारही दिवे एकदम लुकलुकवणारे धोक्याचे बटण त्याच्या आड जाते का, हे पैसे देण्यापूर्वी पाहून घ्यावे. घाटात गाडी बंद पडली तर ते बटण चाचपडत शोधावे लागू नये.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे आवाजाची फिरती कळ. तरुणांना तिची मातब्बरी वाटत नाही. वय वाढले की बोटांची त्वचा कोरडी होते, हात किंचित थरथरतो, आणि काचेवरच्या चिमुकल्या चिन्हाला केलेला स्पर्श कधी लागतो, कधी दोनदा लागतो. चालत्या गाडीत तर तो नेमका लागणे अधिकच कठीण. हाताला न पाहता सापडणारी कळ असलेला पडदा थोडा महाग पडला तरी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट, हा पडदा स्वतःच्या बुद्धीने चालणारा हवा की फोनच्या. एका प्रकारात यंत्र म्हणजे स्वतंत्र टॅबलेटच असतो. त्याला इंटरनेट लागते, त्याची निराळी अॅप्स असतात, ती अधूनमधून नव्याने उतरवून घ्यावी लागतात. दुसऱ्यात फोन जोडला की फोनमधला नकाशा, गाणी आणि नंबर पडद्यावर उमटतात. अँड्रॉइड ऑटो आणि अॅपल कारप्ले ही त्यांची नावे. आपल्या वयाच्या माणसाने दुसरा प्रकार पत्करावा. जे फोनमध्ये येते तेच इथे दिसते. नवे शिकणे कमी.

मग वायरी. त्या कारागिरावर सोडाव्यात, पण नजर ठेवावी. नव्या यंत्राच्या वायरींचे रंग बहुधा ठरलेले असतात : पिवळी थेट बॅटरीकडून अखंड वीज आणते, लाल किल्ली फिरवल्यावरच जागी होते, काळी जमिनीशी म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी जोडायची. गाडीची मूळ वायर कापून, सोलून, पट्टी गुंडाळून जोडणी करण्यापेक्षा त्या गाडीसाठी मिळणारा तयार कपलर वापरा, असा आग्रह धरावा. थोडे पैसे जास्त पडतात. पण पुढे बिघाड झाला तर काढून पाहता येतो, आणि गाडी नवी असेल तर कंपनीच्या हमीवरून वाद होत नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवले आहे ना, एवढे विचारावे.

या पिवळ्या आणि लाल वायरींवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण घरात वृद्ध माणूस असलेल्यांसाठी सारे मर्म तिथेच आहे. दोन्ही वायरी अदलाबदल झाल्या तर गाडी बंद करताच यंत्र सारे विसरते. घड्याळ, रेडिओ केंद्रे, सगळे पुन्हा शून्यापासून. हा त्रास चटकन लक्षात येतो. दोन्ही वायरी अखंड विजेला जोडल्या तर मात्र त्रास दिसत नाही. तो गुपचूप बॅटरी खातो. काही यंत्रे तर जोडणी बिनचूक असूनही पुरती झोपत नाहीत. किल्ली फिरवताच झटकन उजळता यावे म्हणून अर्धवट जागी राहतात. हिशेब साधा आहे. छोट्या गाडीची बॅटरी सुमारे ३५ अँपिअर-तासांची धरा. गाडी कुलूपबंद असताना तिच्यातून ५० मिलिअँपिअर वीज जात असेल, तर ती रिकामी व्हायला ७०० तास, म्हणजे महिनाभर लागेल. तीच गळती ३०० मिलिअँपिअर असेल तर पाच दिवसही पुरत नाहीत. आणि इंजिन सुरू होईनासे होते ते त्याच्याही बरेच आधी. तरुणाची गाडी रोज धावते, रोज भरते. आपली आठवड्यातून एकदा निघते. रात्री दोन वाजता छातीत कळ आली आणि खाली गाडी नुसतीच टकटक करू लागली, तर पडद्याची किंमत काय राहिली? म्हणून काम संपल्यावर कारागिराला मीटर लावून ही गळती मोजून दाखवायला सांगावे. गाडी कुलूप लावून वीसेक मिनिटे तशीच ठेवायची, म्हणजे तिची बाकीची यंत्रे झोपी जातात, आणि मग आकडा वाचायचा. पन्नासच्या आत असेल तर निश्चिंत व्हावे. आमच्या कारागिराने आधी कंटाळा केला. “काकू, असं कोणी विचारत नाही,” म्हणाला. मग चहा पिता पिता त्याने मोजले. आकडा बत्तीस आला, तेव्हा त्यालाच अधिक आनंद झाला.

आणखी एक वायर हँडब्रेकची. हँडब्रेक ओढलेला असेल तरच पडद्यावर चित्रपट दिसावा, यासाठी ती असते. पुष्कळ ठिकाणी ती परस्पर सांगाड्याला जोडून टाकतात, म्हणजे गाडी धावत असतानाही चित्रपट चालतो, आणि वर ही सोय म्हणून सांगतात. आपण नम्रपणे नकार द्यावा. वाहन चालवण्यासंबंधीच्या २०१७ च्या विनियमांत वाटेचा नकाशा वगळता चालकाने चालत्या वाहनात चलचित्र पाहण्यास मनाई आहे. आणि विनियम नसते तरी काय? अमेरिकेतल्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने २०१३ साली गाडीतील पडद्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत एका वेळची नजर दोन सेकंदांहून अधिक पडद्यावर ठरू नये, असे म्हटले आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी तेहतीस मीटर पुढे जाते. चार-चार पावलांवर खड्डा, म्हैस किंवा सायकल असलेल्या रस्त्यावर तेहतीस मीटर आंधळेपणाने जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

नारिंगी वायर मात्र आवर्जून जोडून घ्यावी. ती पार्किंगच्या दिव्यांशी जोडलेली असते. दिवे लावले की पडदा आपोआप मंद होतो. वयपरत्वे डोळ्यातले भिंग धूसर होऊ लागते, प्रकाश त्यात विखुरतो, आणि झगमगाटातून सावरायला डोळ्यांना पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो. अंधाऱ्या रस्त्यावर छातीच्या उंचीवर पांढराशुभ्र पडदा पेटलेला असेल, तर समोरचा वळणाचा दगड दिसणार कसा? एक वायर विसरली जाते, आणि लोक म्हणतात, “वयामुळे रात्री गाडी चालवणे जमत नाही हो.”

पाठीमागचा कॅमेरा हा माझ्या दृष्टीने या साऱ्या खटाटोपाचा खरा लाभ. नंबरपट्टीच्या वर तो बसतो, त्याची वायर उंबरठ्याच्या पट्टीखालून आणि डिकीच्या रबरी नळीतून पुढे येते, आणि रिव्हर्स गिअर टाकताच पडद्यावर मागचे दृश्य उमटते. चित्र आरशासारखे उलटे हवे. म्हणजे मागे डावीकडे उभे असलेले मूल पडद्यावरही डावीकडेच दिसले पाहिजे. तिथल्या तिथे कारागिराला मागे उभे करून हात वर करायला लावावा आणि खात्री करून घ्यावी. मानेचे मणके झिजलेल्यांना हा कॅमेरा वरदान आहे. तरीही तो दोन्ही कडा दाखवत नाही, पावसात त्याच्यावर चिखल साचतो, आणि मांजर चाकाखालीच बसले असेल तर त्याला ते दिसत नाही. आरसे पाहण्याची सवय सोडू नये.

गाडी घरी आणल्यावर लगेच प्रवासाला निघू नका. एक संध्याकाळ गाडीतच, पण वाहनतळावर उभ्या गाडीत घालवा. आम्ही तशी घालवली. यजमान मागे बसले, मी पुढे. आणि जे जे रस्त्यात करावे लागेल ते ते आधीच करून ठेवले.

सुरुवात रेडिओपासून केली, कारण सासूबाईंचा दिवस आकाशवाणीवर उजाडतो. १९५५ साली १ एप्रिलपासून पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या आणि सदाशिव पेठेत काकांकडे शिकायला राहिल्या होत्या. आठवड्याचे ते गीत ऐकायला वाड्यातली माणसे एका रेडिओभोवती गोळा होत, ही आठवण त्यांच्याजवळ अजून शाबूत आहे. नव्या यंत्रात मात्र पुणे केंद्र लागेचना. पडद्यावर ७९०, मग थेट ८००. पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर. विविध भारतीचे १०१ ही गायब, १००.९ नंतर एकदम १०१.१. यंत्र बिघडलेले नव्हते. त्यात प्रदेश म्हणून अमेरिका निवडलेली होती. तिकडे मध्यम लहरींवर केंद्रांमध्ये दहा-दहा किलोहर्ट्झचे अंतर धरतात, आपल्याकडे नऊ-नऊचे. आणि ७९२ ला नवाने भाग जातो, दहाने जात नाही. सेटिंगमध्ये जाऊन प्रदेश बदलला आणि केंद्र लागले. आपल्या घरच्या आजोबांना कुणी “आता आकाशवाणी लागत नाही, जुनं झालं ते” असे सांगितले असेल, तर एकदा हा प्रदेश तपासून पाहा. मात्र काही स्वस्त यंत्रांत मध्यम लहरींचा रेडिओ मुळातच नसतो, दुकानातच विचारावे.

नंतर गाणी. पेनड्राइव्हवर माणिक वर्मा, गजानन वाटवे, सुधीर फडके अशी तीनच दालने केली. चौथे केले नाही. शोधायला लागेल इतके ठेवूच नये. पेनड्राइव्ह यंत्राला वाचता येत नसेल तर तो बहुधा ‘फॅट ३२’ पद्धतीने तयार केलेला नसतो; संगणकावर ते काम नातवंडे दोन मिनिटांत करून देतात.

आवाजाची मांडणी थोडी समजून घेण्याजोगी आहे. वाढत्या वयात ऐकू कमी येते ते आधी वरच्या पट्टीचे. स, श, फ, त, क ही व्यंजने प्रथम निसटतात. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. अशा वेळी घरचे लोक आवाज मोठा करतात, आणि म्हातारे माणूस म्हणते, “ओरडता कशाला?” दोघेही बरोबर असतात. गाडीत तर इंजिनाची आणि चाकांची घरघर खालच्या पट्टीची असते. त्यात बेस वाढवलेला असला की सारा गडगडाट होतो. तेव्हा बेस उतरवावा, ट्रेबल किंचित चढवावा, आणि आवाज एकंदरीत लहानच ठेवावा. पुढे-मागे, डावे-उजवे असा आवाज सरकवण्याची सोय प्रत्येक यंत्रात असते. सासूबाई मागे डावीकडे बसणार, म्हणून गाणी तिकडे झुकवली. कानात यंत्र घालणाऱ्यांनी आणखी एक पाहावे : श्रवणयंत्रही फोनशी जोडलेले असेल आणि गाडीही, तर फोन आल्यावर आवाज नेमका कुठे जाईल याचा नेम राहत नाही. दोहोंपैकी एकच जोडणी चालू ठेवावी.

आणि आता फोन. आमच्या त्या संध्याकाळी सर्वाधिक वेळ यातच गेला, आणि माझ्या मते तो सर्वांत योग्य ठिकाणी गेला. नातू परदेशी असतो. सराव म्हणून त्याला फोन लावायला सांगितला. चारही स्पीकरांतून त्याचा आवाज घुमला. सासूबाई खिडकीतून आम्हाला पाहत होत्या, त्या हळूहळू खाली आल्या आणि गाडीत डोकावून मागचे आसन पाहू लागल्या. “कुठे बसलाय तो?” आम्ही समजावले, त्यांना पटले, दोन मिनिटांनी त्यांनी पुन्हा पाहिले. ज्यांची स्मृती आणि स्थलकालाचे भान विस्कटले आहे, अशांना शरीराविना येणारा आवाज बावरून टाकू शकतो. वाट दाखवणाऱ्या बाईच्या आवाजाचेही तेच. “ही कोण सारखी वळायला सांगते?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, विचारणाऱ्याच्या मनात भीती असते. म्हणून नकाशाचा आवाज कमी केला आणि ठरवले, की तो फक्त शहरातून बाहेर पडेपर्यंतच ठेवायचा.

याहून गंभीर एक बाब आहे, जिचा विचार दुकानात कुणी करत नाही. गाडीत फोन घेतला की तो सर्वांचा होतो. घरात आपण तपासणीचा अहवाल कपाटात ठेवतो, डॉक्टरांशी बोलायला गॅलरीत जातो, शब्द निवडून सांगतो. इथे एक बोट लागले की डॉक्टरांचे पहिले वाक्य रुग्णाच्या कानात. काही यंत्रांत फोन आपोआप उचलला जाण्याची सोय असते. ती बंद करावी. संदेश पडद्यावर झळकतात, तेही बंद करावेत. आणि गाडीतून बोलायचेच असेल तर पहिले वाक्य ठरवून टाकावे : “आम्ही सगळे गाडीत आहोत, आवाज सर्वांना ऐकू येतोय.” समोरचा शहाणा असेल तर सावरतो.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही निघालो. कोथरूड मागे टाकून चांदणी चौकात आलो. इथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पाडला आणि पुढल्या वर्षी नवे उड्डाणपूल खुले झाले. आता वाटा एकीवर एक अशा जातात. एक फाटा चुकला की आपण मुंबईच्या महामार्गावर, आणि परतायला काही किलोमीटर. गंमत अशी, की उपग्रहावरून ठिकाण ओळखणाऱ्या नकाशालाही आपण वरच्या पुलावर आहोत की खालच्या, हे इथे पटकन उमगत नाही. म्हणून पडद्यापेक्षा पाट्यांवर विश्वास ठेवावा. मुळशी आणि पौड ही नावे दिसतील त्या दिशेने जावे.

भूगाव, भुकूम, पिरंगुट. घरांची दाटी ओसरते, उजेड मोकळा होतो. यजमान पाट्यांवरची गावे मोठ्याने वाचत होते आणि सासूबाई प्रत्येक नावाला होकार देत होत्या, जणू ती हजेरी होती. पौडला चहासाठी थांबायचे आधीच ठरले होते. वृद्ध माणूस बरोबर असताना तासा-सव्वातासाने उतरावे, चार पावले चालवावे. पायांवरची सूज, लघवीची घाई, दोहोंसाठी ते बरे. पौडच्या अलीकडे पडद्यावर नाव उमटले : डॉक्टर. परवाच सासूबाईंचे रक्त तपासायला दिले होते. मी लाल चिन्हाला बोट लावले, गाडी कडेला घेतली, फोन गाडीपासून सोडवून हातात घेतला आणि चिंचेखाली जाऊन उभी राहिले. मूत्रपिंडाचा आकडा वाढला होता. परत फिरण्याची गरज नाही, पाणी नीट पाजा, एक गोळी आजपासून थांबवा, चार दिवसांनी संध्याकाळी मला दाखवा, असे त्यांनी सांगितले. गोळीचे नाव मी लिहून घेतले आणि दोनदा वाचून दाखवले.

गाडीत बसल्यावर सासूबाईंनी विचारले, “कुणाचा गं?”

“डॉक्टरांचा. परत आल्यावर भेटा म्हणाले. आणि पाणी जास्त प्या म्हणाले.”

“आडाचं पिईन,” त्या म्हणाल्या.

पौड सोडले की थोड्या वेळात मुळशीचे पाणी झाडांमधून चमकू लागते. सेनापती बापटांनी १९२१ च्या सुमारास ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह चालवला, ते हेच. आज त्या पाण्याखाली कुणाची शेते आहेत, हे रस्त्यावरून कळत नाही. थंडीच्या दिवसांत त्यावर नुसता निळा शांतपणा पसरलेला असतो. एखाद्या रुंद वळणावर गाडी बाहेर घेऊन काचा उतरवाव्यात. फोनला इथून पुढे रेंज येते-जाते, म्हणून या भागाचा नकाशा घरीच उतरवून ठेवावा. मग जाळे नसले तरी आपले ठिकाण दिसत राहते. फक्त पुढची वाहतूक किती, हे कळत नाही.

ताम्हिणीच्या वळणांत मी पडदा बंद केला. ‘पडदा बंद, गाणे चालू’ अशी सोय जवळजवळ सर्व यंत्रांत असते. ती शोधून ठेवावी. कारण सांगते. आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारा अवयव आहे. तो सांगतो, शरीर वळते आहे, डोलते आहे. डोळे मात्र जवळच्या पडद्यावर खिळलेले असले तर सांगतात, सारे स्थिर आहे. या विसंवादातून मळमळ होते. लिंबू-आले जवळ असू द्यावे, पण पहिला उपाय म्हणजे नजर दूर ठेवणे. मागे बसलेल्यांनी पुढच्या काचेतून लांबची टेकडी पाहावी. सरकता नकाशा नजरेला सारखा ओढून घेतो, आणि पौड सोडल्यावर निजामपूरपर्यंत वाट चुकण्याजोगे फारसे काही नाही. वाहनचालकाला तर इथे नकाशाचा उपयोग शून्य. वळणावर भोंगा, चढणाऱ्या वाहनाला वाट, आणि उतारावर खालचा गिअर, हीच इथली जुनी शिस्त पुरते.

पावसाळ्यात या घाटाची कीर्ती धबधब्यांची; मला तो मार्गशीर्षातच अधिक आवडतो. गर्दी नसते, धुके उन्हाबरोबर विरते, गवत सोनेरी झालेले असते, आणि कड्यांच्या अंगावर पाण्याच्या वाळल्या रेघा स्पष्ट दिसतात. २०१३ साली इथल्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. गाण्याचा आवाज मी इतका लहान केला होता की तो आहे की नाही, असे वाटावे. माणिक वर्मांचे एक गीत लागले, आणि मागून दुसरा, बारीक, पण सुरातला आवाज आला. ज्यांना सकाळची न्याहारी आठवत नाही, त्यांना अंतऱ्याचा प्रत्येक शब्द येत होता. यजमानांनी मला आरशातून खूण केली, की बोलू नकोस.

घाट उतरल्यावर हवा बदलते. अंगाला कोकणाचा दमटपणा लागतो, लाल माती दिसू लागते. विळे, निजामपूर, मग माणगाव, आणि तिथे मुंबई-गोवा महामार्गाची ट्रकांची घरघर. पडदा पुन्हा उजळला. माणगावच्या पुढे आम्ही महामार्ग सोडला, तेव्हा नकाशाने एक डांबरी वाट सुचवली. सासूबाई म्हणाल्या, “तिकडून नको, पारावरून घे.” त्यांचे ऐकले. वाट अरुंद होती, पण पार होता.

माहेरच्या अंगणात गाडी वळवायला जागा नाही; उलटी घ्यावी लागते. मागे तुळशीवृंदावन, डावीकडे आडाचा कठडा. रिव्हर्स टाकताच पडद्यावर दोन्ही दिसले, आणि मधोमध धोतराचा सोगा सावरत येणारे मामा दिसले. मी थांबले. ते काठी टेकत मागच्या दारापाशी आले आणि त्यांनी ते उघडले.

“बाळू, किती रोडावलास रे,” सासूबाई म्हणाल्या.

तीन रात्री आम्ही राहिलो. गाडी आडाशेजारी तशीच उभी होती. चौथ्या दिवशी सकाळी दव पुसून मी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच खेपेला सुरू झाले. डॉक्टरांची वेळ संध्याकाळी साडेसहाची होती. आम्ही पंधरा मिनिटे आधी पोहोचलो.